वरून जुनी, आतून शाबूत : एका लहान विमानतळाच्या धावपट्टीची पाहणी

रविवार

दुपार कलताना आम्ही विमानतळावर पोहोचलो. माझ्याबरोबर एक कनिष्ठ अभियंता आणि प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ होते. भार आदळून फरसबंदी किती दबते हे मोजणारे यंत्र मागाहून येणार होते. धावपट्टी डांबरी, १,३९५ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. दिवसभरात मोजकीच विमाने ये-जा करतात. प्रशिक्षण संस्थेची एक इंजिनाची विमाने, क्वचित एखादे रुग्णवाहिका विमान आणि आठवड्यातून काही वेळा येणारे एक लहान टर्बोप्रॉप, एवढीच तिची वर्दळ. आम्हाला बोलावण्याची कारणे दोन होती. सुटलेल्या खडीबद्दल वैमानिकांच्या तक्रारी वाढल्या होत्या, आणि नियमित सेवेसाठी थोडे जड विमान आणण्याचा प्रस्ताव व्यवस्थापकांसमोर आला होता.

"मॅडम, सगळी धावपट्टी उखडून नव्याने करावी लागणार असेल तर स्पष्ट सांगा. तेवढा निधी आमच्याकडे नाही, म्हणजे जड विमानाचा विषय इथेच थांबवता येईल," असे व्यवस्थापकांनी पहिल्याच भेटीत सांगितले. मी त्यांच्याकडे पाहणीचे काम संपेपर्यंतचा अवधी मागितला आणि जुने कागद पाहायला मागितले.

संध्याकाळ त्या कागदांतच गेली. धावपट्टीवर पाऊल टाकण्यापूर्वी तिचा इतिहास कळणे अत्यावश्यक असते, कारण एकाच वेळी, एकाच रचनेने बांधलेला आणि साधारण सारखीच वाहतूक सोसणारा भाग हा एक स्वतंत्र विभाग मानून त्याचे मूल्यमापन करायचे असते. वेगवेगळ्या वयाचे भाग एकत्र मोजले तर येणारा आकडा कोणत्याच भागाला लागू पडत नाही. नकाशांवरून उलगडले ते असे. पूर्वेकडचा ९९० मीटरचा भाग मूळचा आहे. पश्चिमेकडचा ४०५ मीटरचा तुकडा बऱ्याच वर्षांनंतर वाढवलेला असून तो वाढवताना एका जुन्या ओघळीवर नळ टाकून वरून भराव घातला गेला होता. ती ओघळ नकाशावर एका बारीक तुटक रेषेने दाखवली होती. मी तिच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले.

सोमवार

पहाटे धावपट्टी आमच्यासाठी बंद ठेवण्याची सूचना वैमानिकांना आधीच दिलेली होती. रेडिओ, पिवळा दिवा लावलेली गाडी आणि चकाकणारी जाकिटे घेऊन आम्ही उजाडताच आत शिरलो. आत जाताना प्रत्येक हत्यार मोजून नोंदवले आणि बाहेर पडताना पुन्हा मोजले. विसरलेला एक पाना धावपट्टीवर काय करू शकतो हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर आधीच्या विमानातून गळून पडलेल्या धातूच्या एका पट्टीने काँकॉर्डचे चाक फाडले, आणि त्या दुर्घटनेत विमानातील १०९ आणि जमिनीवरील चार माणसे दगावली. सुटी खडी त्या पट्टीइतकी घातक नसेल, पण फिरत्या पंख्याच्या पात्याला टवका पाडायला वाटाण्याएवढा खडा पुरतो.

पाहणीची पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९७० च्या दशकात विकसित केली आणि आज ती एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ५३४० या मानकात लिहिलेली आहे. डांबरी धावपट्टीचे साधारण ४५० चौरस मीटरचे तुकडे पाडायचे, त्यांतले काही निवडायचे, प्रत्येकात कोणत्या प्रकारचे नुकसान आहे, ते किती तीव्र आहे आणि किती क्षेत्रावर पसरले आहे हे मोजायचे, आणि शंभरातून त्यानुसार गुण वजा करत जायचे. उरतो तो फरसबंदी स्थिती निर्देशांक. आमची पट्टी ३० मीटर रुंद असल्याने दर १५ मीटर लांबीचा एक तुकडा झाला. जुन्या भागात असे ६६ आणि वाढीव भागात २७. मानकातील सूत्रानुसार जुन्या भागातले १४ आणि नव्यातले ११ तुकडे पुरेसे ठरतात. ते आपल्या मर्जीने निवडायचे नसतात. सुरुवातीचा तुकडा चिठ्ठी टाकून ठरवायचा आणि मग ठरावीक अंतराने पुढे जायचे, म्हणजे डोळ्यांत भरणाऱ्या खराब जागाच मोजल्या गेल्या असा आक्षेप राहत नाही.

उन्हे तिरपी असतानाच जुन्या भागापासून सुरुवात केली. सूर्य माथ्यावर आला की डांबराचा पृष्ठभाग सपाट दिसू लागतो. सकाळच्या तिरप्या प्रकाशात मात्र प्रत्येक उंचवटा, प्रत्येक सुटलेला खडा आपली सावली टाकतो आणि लपलेले दोष उघडे पडतात. जुना भाग पाहवत नव्हता, हे मान्य केले पाहिजे. डांबराचा काळेपणा जाऊन राखाडी रंग आला होता आणि खडीचे माथे उघडे पडले होते. डांबर अंथरताना यंत्राच्या दोन फेऱ्यांमध्ये जो सांधा राहतो, त्या प्रत्येक सांध्यावर धावपट्टीच्या लांबीभर सरळ भेग गेली होती. त्या उभ्या भेगांना आडव्या भेगा छेदत होत्या आणि मोठमोठे चौकोन तयार झाले होते. तंत्रज्ञाने एका जागी मीटरभर बाजूची लाकडी चौकट ठेवली आणि आतला भाग कडक ब्रशने झाडला. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी बारीक खडी निघाली. एका भेगेत मी पोलादी पट्टी उभी धरून रुंदी मोजली, ती ९ मिलिमीटर भरली; आत माती साचली होती आणि त्या मातीत गवताची दोन पाती उगवली होती. सहा मिलिमीटरपेक्षा रुंद, न भरलेली भेग मध्यम तीव्रतेची धरतात, आणि जुन्या भागातल्या बहुतेक भेगा याच वर्गात मोडत होत्या.

तरीही नोंदी लिहिताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. चाकोरी कुठेच नव्हती. तीन मीटरची सरळ पट्टी चाकांच्या मार्गावर आडवी ठेवून खालची फट आम्ही अनेक जागी मोजली, पण दबलेले असे काही सापडले नाही. दिसत होते ते सगळे नुकसान उन्हाचे आणि वयाचे होते. डांबरातले तेलकट घटक वर्षानुवर्षे उडून जातात, प्राणवायूशी संयोग होऊन ते कडक होते, आकुंचन पावताना ताण सोसू शकत नाही आणि तडकते. यात विमानांच्या वजनाचा वाटा जवळजवळ नसतो. लहान विमानतळांवर हेच बहुतेक वेळा घडते आणि मोठ्या विमानतळांच्या अनुभवावर पोसलेले अभियंतेसुद्धा येथे चुकीचा निष्कर्ष काढतात, असे माझे मत आहे.

मंगळवार

नवा भाग दिसायला देखणा. पृष्ठभाग काळा, भेगा तुरळक, रंगाच्या खुणा स्पष्ट. निवडलेल्या तुकड्यांची मोजणी भराभर पुढे सरकली. मात्र ओघळीच्या त्या तुटक रेषेपाशी, चिठ्ठीने निवडलेल्या दोन तुकड्यांच्या मधोमध, मध्यरेषेच्या डावीकडे मला एक किंचित खोलगट जागा दिसली. जवळ जाऊन गुडघे टेकले तेव्हा तिथे मगरीच्या पाठीवरील खवल्यांसारख्या, एकमेकींना जोडलेल्या बारीक भेगांचे जाळे होते, आणि भेगांच्या कडांना फिकट पिवळसर मातीचे ओघळ वाळून चिकटले होते. मगरपाठ भेगा हे थकव्याचे लक्षण असते. चाकाखाली डांबराचा थर वाकतो, त्याच्या तळाशी ताण येतो, हे पुन्हा पुन्हा घडले की तळाशी भेग पडते आणि ती वर चढत येते; म्हणजे ती वर दिसते तेव्हा खालचे नुकसान होऊन चुकलेले असते.

हा तुकडा चिठ्ठीत आलेला नव्हता. अशा प्रसंगी मानकात एक तरतूद आहे: एखादे असाधारण नुकसान निवडीबाहेर राहत असेल तर तो तुकडा "अतिरिक्त" म्हणून मोजावा आणि सरासरीत केवळ त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरावा. आम्ही तसेच केले.

दुपारी देखभाल विभागाचे मुकादम आले. गवत कापण्यापासून दिवे पुसण्यापर्यंत सारे तेच पाहतात. त्यांना विचारले, "काका, पाऊस पडल्यावर इथे पाणी किती वेळ राहते?" ते म्हणाले, "बाकी पट्टी अर्ध्या तासात सुकते. ही जागा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओली असते. वरून नाही, मॅडम. भेगांतून झिरपत राहते." त्यांचे हे शेवटचे वाक्य मी वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले.

शंका पडताळून पाहण्यासाठी अग्निशमन गाडीतून त्या भागावर पाणी सोडले. धावपट्टीला मध्यापासून कडेकडे उतार असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १४ नुसार मध्यम आणि मोठ्या विमानांच्या पट्टीला दीड टक्का, तर छोट्या विमानांच्या पट्टीला दोन टक्के उतार इष्ट मानतात. पाणी तीन मिलिमीटरपेक्षा खोल साचले तर चाकांची पकड धोक्यात येऊ शकते. आमच्या खोलगट जागी मोजपट्टीवर ११ मिलिमीटर पाणी दिसले. त्याहून महत्त्वाचे दृश्य पुढे होते. परत जाताना अग्निशमन गाडीचे मागचे चाक त्या जाळ्यावरून गेले आणि भेगांतून गढूळ पाणी वर उसळले. डांबराच्या खाली पाणी अडकले आहे आणि प्रत्येक चाक ते दाबून खालची बारीक माती बाहेर फेकते आहे, याचा याहून उघड पुरावा मिळणे कठीण.

मग आम्ही कडेने चालत गेलो. धावपट्टीच्या कडेची माती गवत वाढून, धूळ साचून डांबराच्या पातळीपेक्षा वर आली होती. उताराने येणारे पाणी बाहेर जाण्याऐवजी कडेलाच अडत होते. मुकादमांनी दाखवलेल्या जागी गवत बाजूला केले तेव्हा ओघळीवरच्या नळाचे तोंड सापडले. ते मुळांनी आणि गाळाने जवळजवळ पूर्ण भरले होते.

रात्री हिशेब मांडला. जुन्या भागाचा निर्देशांक ४८ आला, म्हणजे वर्गवारीनुसार "निकृष्ट". नव्या भागाच्या निवडलेल्या तुकड्यांची सरासरी ७४ होती. त्या एका वाईट तुकड्याला स्वतःचे गुण मिळाले २१, पण १२,१५० चौरस मीटरांत त्याचे क्षेत्र अवघे ४५० असल्याने तो मिळवूनही विभागाचा आकडा ७२ वर थांबला, आणि ७२ म्हणजे "समाधानकारक". आकडे बरोबर होते, पद्धत बरोबर होती. केवळ हे दोन आकडे पाहून निर्णय घेतला असता तर सगळा निधी जुन्या भागावर ओतला गेला असता आणि जड विमान "समाधानकारक" भागावर उतरले असते. निर्देशांक पृष्ठभागाची अवस्था सांगतो, ताकद सांगत नाही. हे त्या मानकातच नमूद आहे, आणि तरीही अहवाल वाचणाऱ्यांच्या नजरेतून नेमके तेच वाक्य निसटते.

बुधवार

भार आदळणारे यंत्र पहाटे आले. गाडीमागे ओढत न्यायचा हा सांगाडा ३०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर वजन पाडतो. धावत्या चाकाचा क्षणभराचा दाब जसा असतो तसा धक्का जमिनीला बसतो, आणि तबकडीपासून वाढत्या अंतरावर ठेवलेले संवेदक प्रत्येक जागी फरसबंदी किती मायक्रोमीटर खाली गेली ते नोंदवतात. भार जसजसा खोल जातो तसतसा तो पसरतो. त्यामुळे तबकडीजवळचे वाचन वरच्या थरांबद्दल बोलते आणि दीड मीटर लांबच्या संवेदकाचे वाचन प्रामुख्याने सर्वांत खालच्या मूळ जमिनीबद्दल. डांबर तापले की मऊ पडते, म्हणून दर काही वेळाने डांबरात छोटे छिद्र पाडून, त्यात तेलाचे थेंब सोडून तापमापक बुडवावा लागतो आणि सगळी वाचने एका तापमानाला आणावी लागतात.

जुन्या भागावर लांबच्या संवेदकाची वाचने लहान आणि एकसारखी आली. वरून इतक्या भेगाळलेल्या पट्टीखाली जमीन घट्ट होती. नव्या भागाची वाचनेही बहुतेक ठिकाणी ठीक होती, आणि मग ओघळीच्या जागी सगळेच संवेदक एकदम खाली गेले; लांबच्या संवेदकाचे वाचन शेजारच्या जागेच्या तिपटीहून अधिक होते. यंत्र चालवणाऱ्याने संवेदक नीट टेकले नसावेत या शंकेने तबकडी हलवून मोजणी पुन्हा घेतली. वाचन बदलले नाही.

त्यानंतर एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, चक्कर मारली. तिथे इंधन सांडून डांबर मऊ झालेले काही काळे डाग होते. नोंद केली, त्याहून अधिक वेळ तिथे घालवण्याचे कारण नव्हते.

गुरुवार

आज प्रत्यक्ष आत पाहण्याचा दिवस होता. कोअर काढण्याचे यंत्र पाणी टाकत फिरते आणि १०० मिलिमीटर व्यासाचा डांबराचा दंडगोल बाहेर येतो. जुन्या भागात मी मुद्दाम एका रुंद भेगेवरच कोअर घ्यायला सांगितला. तो धुऊन उजेडात धरला. वरचा ५० मिलिमीटरचा थर कोरडा, ठिसूळ, नखाने कण सुटावेत असा. भेग वरून सुरू होऊन ४० मिलिमीटरच्या आसपास संपलेली. आणि तिच्याखालचा थर काळा, चकचकीत, खडीला घट्ट धरून असलेला. भेग वरून खाली येत होती आणि खालच्या थरापर्यंत पोहोचली नव्हती. बाकीच्या कोअरांनीही हेच सांगितले.

ओघळीपाशी मात्र यंत्र तळाला पोहोचताच दंडगोल नळीतच मोडला. खालचा अर्धा भाग सुट्या खडीच्या रूपात हाती आला आणि त्या खडीवर डांबर नव्हते, धुऊन काढल्यासारखे उघडे दगड होते. दीर्घकाळ पाण्यात राहिले की डांबराची दगडावरची पकड सुटते. यंत्राचे पाणी टिपून घेतल्यावर खड्ड्यात काही मिनिटांत खालून पुन्हा पाणी भरले.

प्रत्येक छिद्रातून पुढे शंकू ठोकून जमिनीची ताकद तपासली. हे साधन साधे आहे: आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटर उंचीवरून दांड्यावर सोडायचा आणि टोकाचा शंकू दर ठोक्याला किती आत जातो ते मोजायचे. जुन्या भागाखाली तो दर ठोक्याला १५ मिलिमीटरच्या आसपास जात होता, म्हणजे रूढ सूत्रानुसार जमिनीचा सीबीआर, भार पेलण्याच्या क्षमतेचा निर्देशांक, सुमारे १४ टक्के. ओघळीच्या भरावात दर ठोक्याला ५० मिलिमीटर, म्हणजे सीबीआर चार टक्क्यांपेक्षाही कमी. एकाच धावपट्टीवर, एकाच विमानाच्या चाकाखाली, इतका फरक. कनिष्ठ अभियंत्याने ठोके मोजताना मध्येच थांबून माझ्याकडे पाहिले. मी त्याला मोजणी पुढे चालू ठेवायला सांगितले, कारण पाऊण मीटरच्या खाली काय आहे तेही समजायला हवे होते. तिथे पुन्हा कठीण जमीन लागली. ही माहिती मोलाची होती, कारण त्यामुळे खोदाई किती करायची ते ठरले.

छिद्रे थराथराने डांबरमिश्रण ठोकून भरली, पृष्ठभागाशी समतल केली आणि झाडून घेतल्यावरच धावपट्टी उघडण्याचा निरोप दिला.

शुक्रवार

व्यवस्थापकांसमोर मी आधी नकाशा ठेवला आणि आकडे नंतर काढले. त्यांना सांगितले की संपूर्ण धावपट्टी उखडण्याची गरज नाही. जुन्या भागाचा वरचा ५० मिलिमीटरचा थर यंत्राने खरवडून काढावा आणि तितकाच नवा थर घालावा. भेगा त्या थरातच संपत असल्याने त्या नव्या थरातून पुन्हा वर येण्याची भीती कमी आहे. हे काम उद्याच करायला हवे असे नाही, पण तोपर्यंत भेगा गरम हवेने साफ आणि कोरड्या करून पावसाळ्यापूर्वी भरल्या पाहिजेत. खाली आज शाबूत असलेला थर शाबूत राहायचा असेल तर पाणी आत जाता कामा नये. झाडणारी गाडी रोज, पहिल्या विमानापूर्वी फिरली पाहिजे.

ओघळीची जागा मात्र थांबू शकत नाही. आधी नळ मोकळा करायचा आणि कडेची वाढलेली माती काढून डांबराच्या काही सेंटीमीटर खाली आणायची. त्यानंतर साधारण ४५० चौरस मीटरांत पाऊण मीटर खोल खोदून भिजलेला भराव बाहेर काढायचा, तळाशी पाणी वाहून नेणारा खडीचा थर घालायचा आणि वर नवी रचना करायची. नळ तसाच ठेवून केलेली दुरुस्ती फार टिकणार नाही, हे मी दोनदा बजावले. काम चालू असताना वाढीव भाग बंद ठेवून पूर्वेकडचा भाग वापरता येईल. कामाच्या जागेपासून सुरक्षित अंतर सोडून उड्डाणाची आणि उतरण्याची जाहीर लांबी तेवढी कमी करावी लागेल. प्रशिक्षण विमानांना ती पुरेल, टर्बोप्रॉपला काही आठवडे दुसरीकडे जावे लागेल.

"आणि जड विमान?" त्यांनी विचारले.

धावपट्टीच्या ताकदीचा जाहीर आकडा पीसीएन या जुन्या वर्गीकरण पद्धतीतला होता आणि तोही केवळ आजवर उतरलेल्या विमानांच्या अनुभवावरून लिहिलेला. २८ नोव्हेंबर २०२४ पासून पीसीएनची जागा पीसीआर या नव्या पद्धतीने घेतली आहे, म्हणून आमच्या मोजणीवरून नवा आकडा काढून देण्याचे ठरले. जाहीर आकड्यापेक्षा काहीसे जड विमान अधूनमधून चालवण्याची मुभा परिशिष्ट १४ च्या मार्गदर्शनात आहे, पण फरसबंदीवर बिघाडाची लक्षणे दिसत असतील किंवा तिची ताकद पाण्याने कमी झालेली असू शकेल, तर अशी सवलत घेऊ नये असेही तिथेच सांगितले आहे. आमच्याकडे दोन्ही गोष्टी एकाच जागी होत्या. म्हणून मी स्पष्टपणे "आत्ता नाही" असे उत्तर दिले. खोदकाम पूर्ण झाल्यावर भार आदळणारे यंत्र त्याच जागी, त्याच अंतराने पुन्हा चालवायचे; लांबच्या संवेदकाचे वाचन शेजारच्या जागांच्या बरोबरीला आले तर प्रस्ताव पुन्हा टेबलावर घ्यायचा.

व्यवस्थापकांनी नळाच्या सफाईचा आदेश बैठकीतच लिहून मुकादमांच्या हाती दिला. आम्ही यंत्राच्या पुढच्या फेरीसाठी धावपट्टीच्या कडेला मोजणीच्या जागांवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकले आणि हत्यारे मोजून बाहेर पडलो.